मनोविकार आणि मानसशास्त्रविषयक लेखांना 'मेश' विषयशीर्षके देताना : 'डिप्रेशन' की 'डिप्रेसिव्ह डिसऑर्डर'?

सूचीकार (धागाकर्ता)

आमच्या ग्रंथालयात मनोविकारशास्त्र आणि मानसशास्त्र या विषयांतील प्रबंध, अहवाल आणि लहान नियतकालिकांतील लेख यांचा बराच मोठा संग्रह आहे. यातले बहुतेक साहित्य मेडलाइन या वैद्यकीय लेखसूचीत समाविष्ट नसल्यामुळे त्याला तयार विषयशीर्षके मिळत नाहीत. ती आम्हालाच द्यावी लागतात. आमच्या वाचकांना पबमेडची, म्हणजे मेडलाइन शोधण्याच्या संकेतस्थळाची, सवय असल्याने स्वतंत्र यादी तयार न करता अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची 'मेडिकल सब्जेक्ट हेडिंग्ज', म्हणजेच मेश, ही नियंत्रित शब्दावली आम्ही स्वीकारली आहे.

मेशच्या एफ, म्हणजे मनोविकारशास्त्र व मानसशास्त्र, विभागाच्या चार शाखा आहेत. एफ०१ मध्ये वर्तन आणि त्यामागील यंत्रणा, एफ०२ मध्ये मानसिक प्रक्रिया, एफ०३ मध्ये मनोविकार आणि एफ०४ मध्ये वर्तनविषयक विद्याशाखा, चाचण्या व उपचारपद्धती येतात. कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते, पण प्रत्यक्ष लेख हातात आला की अडचण सुरू होते. एक नमुना सांगतो. विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणे मोजणारी प्रश्नावली भरून घेतली आहे, १० किंवा त्याहून अधिक गुण मिळालेल्यांची गणना नैराश्यग्रस्त म्हणून केली आहे, आणि लेखाच्या शीर्षकात मात्र 'मेजर डिप्रेशनचे प्रमाण' असे शब्द आहेत. मेशमध्ये 'डिप्रेशन' हे शीर्षक एफ०१ मध्ये, वर्तनात्मक लक्षणांखाली आहे. 'डिप्रेसिव्ह डिसऑर्डर' आणि त्याखालील 'डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, मेजर' ही शीर्षके एफ०३ मध्ये आहेत. आम्ही कोणते द्यावे? सहकाऱ्यांत सरळ दोन तट पडले आहेत. 'ॲंग्झायटी' आणि 'ॲंग्झायटी डिसऑर्डर्स' यांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.


मनोवेध

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, त्यामुळे वैद्यकीय बाजूपुरतेच बोलतो. पीएचक्यू-९ मधील नऊ प्रश्न मेजर डिप्रेशनच्या निकषांवरच बेतलेले आहेत हे खरे, परंतु ती चाळणी आहे, निदान नव्हे. निदानासाठी किमान दोन आठवडे टिकलेली पाच किंवा अधिक लक्षणे, दैनंदिन व्यवहारावर झालेला परिणाम, शारीरिक आजार, औषधे किंवा व्यसन यांमुळे तसे झालेले नाही याची खात्री, आणि पूर्वी कधी उन्मादाचा झटका येऊन गेला होता का याची चौकशी, एवढे सगळे करावे लागते. २७ पैकी १० गुण मिळालेला विद्यार्थी कदाचित परीक्षेच्या ताणाखाली असेल, कदाचित त्याला खरोखरच विकार असेल, आणि कदाचित तो बायपोलर विकाराच्या नैराश्यावस्थेत असेल. प्रश्नावली यांत भेद करत नाही. अशा लेखाला विकाराचे शीर्षक दिले, तर विकाराच्या उपचारांविषयी वाचू पाहणाऱ्या डॉक्टरसमोर लक्षणांच्या सर्वेक्षणांचा ढीग येऊन पडतो.


चौकस

मग दोन्ही शीर्षके देऊन मोकळे का होत नाही? संगणकात जागेची टंचाई नाही. किंबहुना, लेखाचा पूर्ण मजकूर शोधता येत असताना विषयशीर्षकांचा हा खटाटोप कशासाठी करायचा, हेही मला समजून घ्यायचे आहे.


शब्दकोठार

चौकस यांचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचेही उत्तर आहे.

वैद्यकीय साहित्यात 'डिप्रेशन' हा शब्द मुक्तपणे शोधून पाहावा. मायग्रेनच्या संशोधनातील 'कॉर्टिकल स्प्रेडिंग डिप्रेशन', मेंदूतील पेशींच्या जोडांविषयीचे 'सिनॅप्टिक डिप्रेशन', हृदयाच्या आलेखातील 'एसटी डिप्रेशन', अफूजन्य औषधांमुळे मंदावणारा श्वास म्हणजे 'रेस्पिरेटरी डिप्रेशन', हे सगळे एकाच जाळ्यात येते. उलट ज्या लेखात फक्त 'लो मूड' किंवा 'मेलान्कोलिया' असे शब्द आहेत, तो हवा असूनही निसटतो. नियंत्रित शब्दावली या दोन्ही दिशांनी काम करते. प्रत्येक शीर्षकाची व्याप्तिटीप असते, आणि त्याला जोडलेले पर्यायी शब्दही असतात. 'डिप्रेसिव्ह सिम्प्टम्स' हा शब्द मेशमध्ये 'डिप्रेशन' या शीर्षकाचाच पर्यायी शब्द म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे लक्षणे मोजणारे लेख कुठे जावेत, हे मेशने स्वतःच सांगून ठेवले आहे.

आता दोन्ही शीर्षके देण्याविषयी. इंडेक्सर, म्हणजे शीर्षके देणारा, आणि शोध घेणारा यांच्यातील हा अलिखित करार आहे, असे मी मानतो. इंडेक्सरने भेद पाळला, तरच शोधणाऱ्याला त्या भेदाचा उपयोग. प्रत्येक लेखाला सावधगिरी म्हणून दोन्ही शीर्षके दिली, तर दोन शीर्षके असण्याला अर्थच उरत नाही. ज्या अभ्यासात आधी प्रश्नावलीने चाळणी केली आहे आणि नंतर संरचित मुलाखतीने निदान निश्चित केले आहे, तिथे दोन्ही शीर्षके द्यावीत. तिथे ती दोन्ही खरी असतात.

सूचीकार यांच्या मूळ लेखाला माझ्या मते 'डिप्रेशन' द्यावे, त्याला साथरोगशास्त्राचे उपशीर्षक (विषयाचा पैलू सांगणारी जोड) जोडावे आणि हे मुख्य विषय म्हणून तारांकित करावे. त्यासोबत 'स्टुडंट्स' या शीर्षकाला 'सायकॉलॉजी' हे उपशीर्षक. वयाची शीर्षके विसरू नयेत : मेशमध्ये १३ ते १८ वर्षांसाठी 'ॲडोलेसंट', १९ ते २४ वर्षांसाठी 'यंग ॲडल्ट' आणि १९ ते ४४ वर्षांसाठी 'ॲडल्ट' आहे, त्यामुळे विद्यापीठीय नमुन्याला बहुधा एकाहून अधिक शीर्षके लागतील. 'पेशंट हेल्थ क्वेश्चनेअर' असे स्वतंत्र शीर्षकही मेशमध्ये आहे, पण प्रश्नावली केवळ साधन म्हणून वापरली असेल तर ते तारांकित करू नये. प्रश्नावलीचीच विश्वसनीयता तपासणारा लेख असेल, तर चित्र उलटे होते. तेव्हा ती मुख्य विषय आणि नैराश्य दुय्यम.


सूचीकार

आभारी आहे. पण आमच्यातील दुसऱ्या तटाचा आक्षेप इथे मांडणे मला आवश्यक वाटते. त्यांचे म्हणणे असे की इंडेक्सर हा परीक्षक नाही. लेखकाने 'मेजर डिप्रेशन' म्हटले असेल, तर ते योग्य की अयोग्य हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आज आपण नैराश्याबाबत लेखकाला दुरुस्त करू, उद्या एखाद्याच्या संख्याशास्त्राला.


शब्दकोठार

आक्षेप योग्य आहे आणि मी तो हलका मानत नाही. लेखाची गुणवत्ता ठरवणे हे इंडेक्सरचे काम नव्हेच. सुमार अभ्यासालाही चांगल्या अभ्यासाइतकीच काटेकोर शीर्षके मिळाली पाहिजेत. परंतु लेखाचे शीर्षक जसे लेखकाचे शब्द आहेत, तसाच पद्धतीचा विभागही त्याचेच शब्द आहेत. तिथे त्याने स्वतः लिहिले आहे की प्रश्नावली दिली, अमुक गुणांची मर्यादा धरली, मुलाखत घेतली नाही. त्या दोन विधानांत विसंगती असेल, तर जे प्रत्यक्ष केले ते सांगणाऱ्या विधानाला मी प्राधान्य देतो. यात लेखकाला दुरुस्त करणे नाही. पद्धतीचा विभाग अस्पष्ट असेल, मुलाखत झाली की नाही हे कळतच नसेल, तर मात्र मी लेखकाच्या शब्दाला धरून राहतो. तिथे माझा अंदाज घालण्याचा मला अधिकार नाही, एवढे तुमच्या सहकाऱ्यांचे मी मान्य करतो.


शोधयात्री

पद्धतशीर आढाव्यांसाठी शोधनीती तयार करणे हे माझे काम, म्हणून पलीकडच्या काठावरून लिहिते.

शब्दकोठार यांनी ज्या कराराचा उल्लेख केला, त्यावर मी पूर्ण विसंबून राहत नाही, राहू शकत नाही. नैराश्यावरील आढाव्यासाठी मी नेहमीच 'डिप्रेशन' आणि 'डिप्रेसिव्ह डिसऑर्डर' ही दोन्ही शीर्षके 'किंवा'ने जोडते आणि त्यांना शीर्षक-सारांशातील मुक्त शब्दांचीही जोड देते. याचे कारण जुने आणि चांगले नोंदलेले आहे. फंक आणि रीड यांनी १९८३ मध्ये मेडलाइनमध्ये चुकून दोनदा इंडेक्स झालेले ७६० लेख तपासले होते. लिंग, वय, मानव-प्राणी अशा ठराविक टॅगांबाबत दोन वेळच्या नोंदींत ७४.७ टक्के एकवाक्यता आढळली. सर्व मुख्य शीर्षकांबाबत ती ४८.२ टक्के होती. आणि शीर्षक व उपशीर्षक यांच्या जोडीबाबत केवळ ३३.८ टक्के. हे सर्व प्रशिक्षित इंडेक्सरांचे काम होते. लेखाच्या मध्यवर्ती विषयाच्या शीर्षकांपुरते पाहिले तर आकडा ६१.१ टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणजे मुख्य मुद्द्यावर माणसे बऱ्यापैकी एकमत होतात आणि कडेच्या मुद्द्यांवर विखुरतात. सूचीकार यांना यातून एक व्यावहारिक धडा घेता येईल : उपशीर्षकांवर फार वेळ खर्च करू नये, तो मध्यवर्ती शीर्षक निवडण्यावर करावा.

दुसरी गोष्ट विस्ताराची. पबमेडमध्ये एखादे शीर्षक शोधले की वृक्षात त्याखाली असलेली सर्व अधिक नेमकी शीर्षके आपोआप शोधात येतात. त्यामुळे अनेक जण 'मेंटल डिसऑर्डर्स' हे एक शीर्षक शोधून निर्धास्त होतात. परंतु आत्महत्या, आत्महत्येचे विचार आणि स्वतःला इजा करून घेणे ही सगळी शीर्षके एफ०१ मध्ये वर्तनाखाली आहेत. 'डिप्रेशन' आणि 'ॲंग्झायटी' हीसुद्धा तिथेच. 'मेंटल डिसऑर्डर्स'चा कितीही विस्तार केला तरी त्यातले काहीही हाती लागत नाही. आत्महत्या-प्रतिबंधाविषयीचा आढावा या एका कारणाने अपुरा राहू शकतो.


मनोवेध

आत्महत्या विकारांत नसणे हे मला वैद्यकीयदृष्ट्या योग्यच वाटते. ती कृती आहे, निदान नव्हे, आणि ती करणाऱ्या प्रत्येकाला मनोविकार असतोच असे नाही.

पण मेशची विकारांची मांडणी मला अनेकदा गोंधळात टाकते. डीएसएम या मनोविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीने मंत्रचळ, म्हणजे ओसीडी, चिंताविकारांतून काढून स्वतंत्र प्रकरणात नेला, आघातोत्तर तणावविकारही वेगळा केला, आणि बायपोलर व नैराश्य यांची प्रकरणे विभक्त केली. मेशने यांपैकी काही स्वीकारले, काही नाही. बायपोलर विकार आता 'मूड डिसऑर्डर्स'खाली न राहता वेगळ्या फांदीवर आहे आणि आघातोत्तर तणावविकारही स्वतंत्र गटात गेला आहे, पण ओसीडी अजून चिंताविकारांखालीच बसलेला दिसतो. एकाच शब्दावलीत अशी अर्धीमुर्धी सुधारणा का?


शब्दकोठार

कारण मेश हे निदानाचे पुस्तक नाही. तो साहित्याचा नकाशा आहे. डीएसएमला आज निदान कसे करावे हे सांगायचे असते. मेशला १९६० पासून साठत आलेले साहित्य उद्याही सापडत राहील याची काळजी घ्यायची असते, आणि त्या साहित्यात ओसीडीविषयीचे कितीतरी लेखन चिंताविकारांच्या चौकटीतच झालेले आहे. ओसीडी तिथेच ठेवणे बरोबर आहे असा माझा दावा नाही. मात्र जुने साहित्य विस्कळीत न करण्याच्या भूमिकेतून पाहिले तर तो निर्णय अनाकलनीयही नाही.

शोधणाऱ्याच्या दृष्टीने अधिक धोकादायक आहेत ते झालेले बदल. ज्याने काही वर्षांपूर्वी 'मूड डिसऑर्डर्स'चा विस्तार करून शोधनीती जतन करून ठेवली, त्याला तेव्हा बायपोलरचे साहित्य मिळत होते. तीच नीती आज चालवली तर ते गळून पडते, आणि पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही.


सूचीकार

यावरून माझा पुढचा प्रश्न निघतो. आमच्याकडे १९६० आणि १९७० च्या दशकांतील प्रबंध आहेत, ज्यांत 'ॲंग्झायटी न्यूरोसिस', 'मेंटल रिटार्डेशन' असे शब्द आहेत. त्यांना आजची शीर्षके द्यावीत की त्या काळची?


शब्दकोठार

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

शब्दावलीत बदल दोन प्रकारचे होतात. पहिला प्रकार नामांतराचा. 'मेंटल रिटार्डेशन' हे शीर्षक बदलून 'इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी' झाले. अमेरिकेत २०१० मध्ये झालेल्या 'रोझाज लॉ' या कायद्याने सरकारी वापरातूनही जुना शब्द हटवला गेला. अशा वेळी संकल्पना तीच राहते, जुन्या नोंदींवरील शीर्षकही बदलले जाते आणि जुना शब्द पर्यायी शब्द म्हणून टिकून राहतो. तुम्ही त्या प्रबंधांना निःसंकोच आजचे शीर्षक द्यावे. प्रबंधाचे मूळ नाव मात्र जसेच्या तसे ठेवावे; ते इतिहासाचा भाग आहे आणि ते सुधारण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरा प्रकार नव्या संकल्पनेचा. पूर्वी नसलेले शीर्षक एखाद्या वर्षी दाखल होते, आणि सर्वसाधारणपणे जुने लेख नव्याने इंडेक्स केले जात नाहीत. 'माइंडफुलनेस' हे स्वतंत्र शीर्षक येण्यापूर्वीचे त्या विषयावरील लेख 'मेडिटेशन'सारख्या शीर्षकांखाली विखुरलेले आहेत. म्हणूनच प्रत्येक शीर्षकाच्या नोंदीत ते कोणत्या वर्षी दाखल झाले हे दिलेले असते, आणि अनेकदा त्यापूर्वी असे लेख कुठे ठेवले जात, याचीही टीप असते. शोध घेताना ती टीप न वाचणे म्हणजे त्या वर्षापूर्वीचे सगळे साहित्य सोडून देणे होय.

'ॲंग्झायटी न्यूरोसिस' या दोहोंच्या मधे पडतो. डीएसएमच्या १९८० मधील तिसऱ्या आवृत्तीने न्यूरोसिस हा वर्ग मोडीत काढला आणि ॲंग्झायटी न्यूरोसिसची विभागणी पॅनिक विकार आणि सामान्यीकृत चिंताविकार अशी केली. १९६८ च्या प्रबंधातील रुग्णांना आज यांपैकी काय म्हटले असते, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे सामान्यीकृत चिंताविकाराचे शीर्षक देणे म्हणजे पन्नास वर्षांनंतर रुग्ण न पाहता निदान करणे ठरेल. मेशमध्ये 'ॲंग्झायटी न्यूरोसेस' हा शब्द 'ॲंग्झायटी डिसऑर्डर्स' या व्यापक शीर्षकाचा पर्यायी शब्द आहे, तेच द्यावे. प्रबंधात न्यूरोसिस या संकल्पनेचीच चर्चा असेल, तर 'न्यूरॉटिक डिसऑर्डर्स' हे शीर्षकही मेशमध्ये आजही आहे. एरवी इंडेक्सिंगचा नियम असा की उपलब्ध शीर्षकांतले सर्वांत नेमके शीर्षक द्यावे. पण नेमकेपणा लेखात असला पाहिजे, तो आपण बाहेरून आणायचा नसतो.


चौकस

माझा पहिला आक्षेप मी मागे घेतो, पण नवा मांडतो. मेडलाइनचे इंडेक्सिंग आता यंत्रच करते ना? मग माणसांनी एवढी चर्चा कशासाठी करायची?


शोधयात्री

एप्रिल २०२२ पासून मेडलाइनचे इंडेक्सिंग स्वयंचलित पद्धतीने होते आणि निवडक लेखांची माणसांकडून तपासणी केली जाते. त्याआधीही २००२ पासून 'मेडिकल टेक्स्ट इंडेक्सर' ही प्रणाली इंडेक्सरांना शीर्षके सुचवत होती, त्यामुळे हा बदल एका रात्रीत झालेला नाही. त्याचा मोठा फायदा म्हणजे वेग. पूर्वी लेख प्रकाशित झाल्यानंतर शीर्षके मिळेपर्यंत महिनोन्‌महिने जात, आता तसे होत नाही.

पण ही प्रणाली लेखाचे शीर्षक आणि सारांश यांवरून निर्णय घेते. या धाग्याच्या पहिल्या प्रतिसादापासून आपण ज्या लेखाची चर्चा करत आहोत, त्याच्या शीर्षकात 'मेजर डिप्रेशन' आहे आणि प्रश्नावलीची मर्यादा पद्धतीच्या विभागात. सारांशात तिचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर यंत्राने विकाराचे शीर्षक दिल्यास त्याला दोष देता येणार नाही, त्याने समोर आहे ते वाचले. लक्षण आणि विकार यांच्या सीमेवरचे लेख मनोविकारशास्त्रात जितके आहेत तितके इतर शाखांत क्वचितच असतील. अस्थिभंग असतो किंवा नसतो. नैराश्याचे तसे नाही. ज्या संग्रहात पूर्ण मजकूर समोर ठेवून माणूस शीर्षके देणार आहे, तिथे हा भेद पाळण्याची संधी आहे, आणि माझ्या मते सूचीकार यांच्या कामाचे खरे मोल तिथेच आहे.

लेखकांनाही यात काही करता येईल. सारांशात 'प्रश्नावलीनुसार आढळलेली नैराश्याची लक्षणे' एवढे शब्द लिहिले, तरी यंत्र आणि माणूस दोघांनाही दिशा मिळते.


अंतरंग

मी समुपदेशन मानसशास्त्राची अभ्यासक आहे आणि चर्चा वाचताना एक शंका सतत येत राहिली. मानसशास्त्राच्या साहित्यासाठी मेशच का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा स्वतंत्र थिसॉरस १९७४ पासून आहे, सायकइन्फो या मानसशास्त्राच्या लेखसूचीतील नोंदी त्यावर आधारलेल्या असतात, आणि व्यक्तिमत्त्व, अध्ययन, नातेसंबंध, संघटनात्मक वर्तन अशा विषयांत तो मेशपेक्षा कितीतरी बारकाईने जातो. मेशमध्ये मानसशास्त्र हे वैद्यकाच्या अंगणात बसवल्यासारखे वाटते. आजार नसलेल्या माणसाच्या मनासाठी तिथे जागा कमी पडते.


शब्दकोठार

अंतरंग यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सूचीकार यांच्या संग्रहात शैक्षणिक किंवा सामाजिक मानसशास्त्राचे प्रबंध अधिक असते, तर मीही तोच थिसॉरस सुचवला असता. एक साम्य मात्र लक्षात घेण्यासारखे आहे : त्या थिसॉरसमध्येही 'मेजर डिप्रेशन' आणि भावना म्हणून येणारे 'डिप्रेशन' अशी दोन वेगळी पदे आहेत. लक्षण आणि विकार यांतील भेद हा मेशचा हट्ट नव्हे, तो विषयातच आहे. शब्दावली बदलल्याने सूचीकार यांची अडचण टळली नसती.

मेशची ताकद वेगळ्या ठिकाणी आहे, शरीर आणि मन यांच्या सांध्यावर. 'सायकॉलॉजी' हे उपशीर्षक मेशमध्ये शारीरिक आजारांनाही जोडता येते. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांतील नैराश्याविषयीचा लेख असेल, तर 'ब्रेस्ट निओप्लाझम्स'ला 'सायकॉलॉजी' आणि 'डिप्रेशन'ला, लेखक कर्करोगाला कारण मानत असेल तर, 'एटिऑलॉजी' असे उपशीर्षक जोडावे. मग तो लेख दोन्ही बाजूंनी सापडतो. कारणसंबंध दाखवलेला नसेल आणि दोन्ही केवळ एकत्र आढळले असतील, तर 'एटिऑलॉजी' वापरू नये.

तसेच एकच शीर्षक मेशच्या अनेक शाखांत असू शकते. 'डिमेन्शिया' मनोविकारांतही आहे आणि मज्जासंस्थेच्या आजारांतही. निद्राविकार आणि व्यसनविकार यांचेही तसेच. त्यामुळे 'हा लेख कोणत्या शाखेत टाकू' असा प्रश्न इंडेक्सरला पडण्याचे कारण नाही. शीर्षक द्यायचे, शाखा आपोआप येतात.


सूचीकार

मग आमच्या प्रणालीत वृक्षक्रमांक, म्हणजे शीर्षकाचे शाखांमधील स्थान दाखवणारा एफ०१ सारखा क्रमांक, साठवावा का? सध्या आम्ही तो प्रत्येक नोंदीत लिहीत आहोत.


शब्दकोठार

साठवू नये. वृक्षक्रमांक हा शीर्षकाचा पत्ता आहे आणि तो बदलतो. बायपोलरचे वर झालेले उदाहरण हेच सांगते. प्रत्येक शीर्षकाला एक कायम ओळखक्रमांक असतो, तो साठवावा. 'डिप्रेशन'चा डी००३८६३, 'डिप्रेसिव्ह डिसऑर्डर'चा डी००३८६६ आणि 'डिप्रेसिव्ह डिसऑर्डर, मेजर'चा डी००३८६५. शीर्षकाचे नाव बदलले तरी क्रमांक टिकतो, त्यामुळे दर वर्षीची नवी यादी आली की नावे आणि पत्ते यंत्राकडून बदलून घेता येतात. त्याशिवाय नोंद करताना कोणत्या वर्षीची मेश यादी वापरली, हे एका रकान्यात लिहावे. हा रकाना आज निरुपयोगी वाटेल, पण पुढे एखादे नवे शीर्षक आल्यावर कोणत्या नोंदी पुन्हा तपासायच्या हे ठरवताना त्याच्याशिवाय चालणार नाही.


मनोवेध

एक भर घालतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या शोकाचा विकार आता आयसीडी या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आणि डीएसएमच्या २०२२ मधील सुधारित आवृत्तीत मान्य झाला आहे. त्यापूर्वीच्या लेखांत 'कॉम्प्लिकेटेड ग्रीफ' असे शब्द आढळतील आणि त्यांची व्याख्या लेखकागणिक वेगळी असेल. अशा जुन्या लेखांना विकाराचे शीर्षक देण्याआधी निकष पाहावेत. नुसता शोक हा मेशमध्ये भावनांखाली येतो आणि बहुतेक लेख तिथेच योग्य ठरतील. शोकाला घाईने विकार ठरवण्यावरून आमच्या क्षेत्रातच पुष्कळ वाद झाला आहे, तो निदान सूचीत तरी पुन्हा नको.


सूचीकार

यावरून आम्ही कामचलाऊ टिपण तयार करत आहोत. पद्धतीचा विभाग वाचल्याशिवाय एफ०३ मधील शीर्षक द्यायचे नाही, आणि तो अस्पष्ट असेल तर लेखकाचा शब्द प्रमाण, यावर दोन्ही तटांचे एकमत झाले आहे. वृक्षक्रमांकाचा रकाना काढून ओळखक्रमांक आणि यादीचे वर्ष असे दोन रकाने घेतले आहेत.

एक शेवटची शंका. बोधात्मक वर्तनोपचाराच्या यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांचे बरेच प्रबंध आहेत. त्यांना 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल्स ॲज टॉपिक' हे शीर्षक द्यावे का?


शोधयात्री

नाही. ते शीर्षक चाचण्यांविषयी चर्चा करणाऱ्या लेखांसाठी आहे. उदाहरणार्थ, मानसोपचाराच्या चाचण्यांत तुलनेचा गट कसा निवडावा याविषयीचा लेख. ज्या प्रबंधात प्रत्यक्ष चाचणी केली आहे, त्याला 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल' हा प्रकाशनप्रकार द्यावा. तो विषयशीर्षकांच्या रकान्यात नव्हे, तर वेगळ्या रकान्यात जातो. तुमच्या प्रणालीत तसा रकाना नसेल तर आताच करून घ्यावा, कारण आढावे लिहिणारे सर्वांत आधी त्यावरूनच गाळणी लावतात. उपचारासाठी 'कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी' हे शीर्षक वापरावे. पूर्वी याच नोंदीचे नाव 'कॉग्निटिव्ह थेरपी' असे होते, त्यामुळे जुन्या याद्यांत ते नाव दिसले तर वेगळी नोंद करू नये.